एकाच कढईतला नव्याचा सण

नव्याच्या सणाला चार जणांना जेवायला बोलवायचं मिलकाबाई वाकरूळकरांनी ठरवलं, तेव्हा त्यांना वाटलं होतं की अवघड काम फक्त जिने उतरून बोलावणं करण्याचं आहे. जूनमध्ये बाथरूममध्ये पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, वॉकर सुटला, आता हातात काठी होती. स्वयंपाकाची त्यांना काळजी नव्हती. तो त्या आयुष्यभर करत आल्या होत्या.

मिलकाबाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. त्यांचे आजोबा पेणजवळच्या गावातून आले आणि अंबरनाथला कारखान्यात लागले. पुढे त्या स्वतःही तिथल्याच ऑफिसात टायपिस्ट होत्या. नवरा हेस्केल जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी ऑर्ना लग्न होऊन इस्रायलला अश्दोदला गेलेली. अंबरनाथ पूर्वेच्या त्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर, दाराच्या चौकटीला मेझुझा, म्हणजे प्रार्थनेची गुंडाळी असलेली डबी, लावलेल्या घरात, त्या एकट्याच राहत. ज्यूंचं नवं वर्ष येतं त्या सणाला कोकणातली त्यांची माणसं नव्याचा सण म्हणत आली आहेत, आणि मिलकाबाईंनाही दुसरं नाव तोंडात बसत नाही.

ज्या दिवशी त्या पडल्या, त्या दिवशी त्यांनी पडल्या जागेवरून लोट्यानं बालदी वाजवली. समोरच्या दारातल्या किर्तीनं ते ऐकलं. तिचा नवरा साईनाथ नुकताच बदलापूरच्या कंपनीतून पाळी संपवून आला होता, त्यानं कडी तोडली. ऑर्ना निघायला तयार होती, पण तिकडे युद्ध पेटलं आणि विमानं बंद झाली. ती फोनवर नुसती रडायची. तेव्हा उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून सोनिया आली. तिचं जीन्स शिवायचं छोटं वर्कशॉप आहे आणि तिच्या मुलीला, करिष्माला, मिलकाबाईंनी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. रक्त लागतंय म्हटल्यावर सोनिया मशीन बंद करून कारागिरांनाच रिक्षात घालून घेऊन आली. घरी आणल्यावर चंद्री आली. ती बारवी धरणाकडच्या पाड्यावरची, स्टेशनबाहेर रानभाज्या विकायची. मिलकाबाई तिचं जुनं गिऱ्हाईक. चंद्रीनं टोपली बाजूला ठेवली आणि दोन महिने त्यांना उचललं, बसवलं, आंघोळ घातली.

आणि पहिल्या मजल्यावरचे हिंदुराव. वीज मंडळातून निवृत्त झालेले, मूळ कोल्हापूरकडचे, किडन्या गेलेल्या. मिलकाबाई ज्या हॉस्पिटलात होत्या, तिथेच त्यांचं डायलिसिस चालायचं. मशीनवरून सुटलं की माणूस पिळून निघालेला असतो. पण हिंदुराव घरी न जाता वरच्या वॉर्डात यायचे, मिलकाबाईंच्या खाटेशेजारी बसायचे आणि पेपर वाचून दाखवायचे. मधेच वाचता वाचता त्यांनाच डुलकी लागायची.

या चौघांना एका टेबलावर बसवून पोटभर जेवू घालायचं, एवढंच मिलकाबाईंच्या मनात होतं.

पहिल्यांदा त्या समोरच्या दारात गेल्या. किर्ती म्हणाली, "मावशी, येणार तर आहेच. पण त्याच दिवशी घट बसतात. माझे नऊ दिवस कडक उपास असतात. मला एखादं केळं द्या, मी तुमच्यासोबत बसेन."

मग काठी टेकत त्या पहिल्या मजल्यावर उतरल्या. हिंदुराव खुर्चीतून उठायला लागले, तर त्यांनी हातानंच बसवलं.

"मी येतो मिलकाताई, पण जेवून येतो," हिंदुराव म्हणाले. "मीठ नको, बटाटा नको, टोमॅटो नको, डाळ बेतानं, केळं तर विषच. पाणीसुद्धा मापून. माझ्यासाठी कुणाला काही करायला लावणं बरं वाटत नाही."

"कुणाकडे गेलात की असंच करता?"

"आता कोण बोलावतंय?" ते सहज म्हणाले. "लग्नाची पत्रिका येते. पण घरी जेवायला या असं तीन वर्षांत कुणी म्हणालेलं नाही. लोकांची चूक नाही. काय वाढायचं या माणसाला, म्हणून घाबरतात."

मिलकाबाईंनी काठी उचलली. त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडे जेवून यायचं नाही."

सोनियाला फोन केला तर ती हसत म्हणाली, "दीदी, टेन्शन मत लो. मी माझा डबा घेऊन येते. गहू माझ्या पोटात गेला की आठ दिवस वाट लागते, डॉक्टरनं सांगितलंय एक कणपण नको. हिंगातपण आटा असतो, माहीत आहे? आणि नॉनव्हेज तर मी गुरूंकडून नाम घेतलं तेव्हाच सोडलं. मी सगळीकडे डबाच नेते, मला सवय आहे."

चंद्रीचं काही नसेल असं वाटलं होतं. पण तीही स्टेशनबाहेर पानं निवडता निवडता म्हणाली, "येन ना बाय. पन नवी काकडी, नवा भात मी नाय खायची. आमच्या पाड्यात अजून देवाला नवं दावलं नाय. दावल्याबिगर तोंडात घालत नाय आमी."

मिलकाबाईंना घरचीच गोष्ट आठवली. त्यांचे वडील सांगायचे की गावी असताना शेतातलं नवं भात दारात येईपर्यंत त्यांच्याकडेही वाट बघायचे, म्हणून तर हा नव्याचा सण. ती चाल अंबरनाथला आल्यावर कधी सुटली, कुणालाच आठवत नव्हतं.

घरी येऊन त्यांनी ठरवलं की कुणीही डबा आणायचा नाही, कुणीही नुसतं सोबत बसायचं नाही. पाच ताटांत पाच वेगळ्या गोष्टीही नकोत. जे एकाच्या ताटात, ते सगळ्यांच्या ताटात.

ठरवणं सोपं होतं. नारळाच्या दुधातलं कोंबडीचं आल्बेरास आणि सणाचा मासा सोनियामुळे आणि किर्तीमुळे गेला. भात किर्तीमुळे गेला. गहू सोनियामुळे गेला. शेंगदाणे, रताळी, बटाटे हे उपासाचे मानकरी, ते हिंदुरावांमुळे गेले. उरलं काय, याचा विचार करत मिलकाबाई ओट्याला टेकून उभ्या राहायच्या, आणि कंबर दुखायला लागली की बसायच्या.

सगळ्यात जास्त जिवाला लागला तो चिकाचा हलवा. गहू भिजवायचे, वाटायचे, त्यांचा पांढरा चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात साखर घालून हात भरून येईपर्यंत आटवायचा. त्या हलव्याशिवाय त्यांच्या घरात नवं वर्ष कधी लागलं नव्हतं. हेस्केल गेले त्या वर्षीही त्यांनी तो केला होता. गव्हाऐवजी तांदळाचं पीठ घेऊन बघितलं, पण किर्तीला तांदूळ चालत नाही हे ढवळताना आठवलं. साबुदाणा वाटून बघितला तर खळ झाली.

त्या दिवशी संध्याकाळी किर्ती तवकिलीची वाटी घेऊन आली. घट बसायच्या आधी उपासाचं सामान भरताना तिनं जास्तीची पुडी आणली होती आणि मावशींसाठी थोडी खीर केली होती. मिलकाबाईंनी एक चमचा तोंडात घातला आणि त्यांना हॉस्पिटल आठवलं. ऑपरेशननंतर पोटात काहीच टिकत नव्हतं. पेज उलटून पडायची, चहा उलटून पडायचा. किर्तीनं घरून थर्मासमध्ये पातळ तवकील आणली आणि चमच्या चमच्यानं भरवली. तीच पहिली पोटात राहिली होती.

"किर्ती, ही तुझ्या उपासाला चालते ना?"

"म्हणजे काय. कंदाचीच असते."

तवकील म्हणजे कंदातून काढलेला चीकच. गहू नाही, तांदूळ नाही. मिलकाबाईंनी दुसऱ्या दिवशी डायलिसिस सेंटरच्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, तवकील हरकत नाही, नारळाचं दूध मात्र दुसऱ्या पाण्याचं, पातळ घ्या. लाल भोपळा द्यायचा तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि पाणी फेकून द्या. खजूर एखादा तुकडा. सफरचंद बिनधास्त.

मिलकाबाई फोन ठेवून हसल्या. सफरचंद, मध, खजूर, डाळिंब, भोपळा. नव्या वर्षाच्या रात्री आशीर्वाद म्हणून जे जे खायचं असतं ते बहुतेक सगळं किर्तीच्या उपासाला चालत होतं, आणि आता हिंदुरावांनाही थोडं थोडं चालणार होतं. भाताऐवजी वरई करायची. ती दुकानातली, गेल्या वर्षीची, म्हणजे चंद्रीचाही प्रश्न नाही. फोडणीला फक्त जिरं, आलं, मिरची. मीठ स्वयंपाकात घालायचंच नाही. टेबलावर वाटीत सैंधव ठेवायचं, ज्याला हवं त्यानं घ्यावं.

मग ऑर्ना आली.

विमानतळावरून घरी येईपर्यंत तिनं आईचा हात सोडला नाही. आईला काठी टेकत चालताना बघून जिन्यात तिला दोनदा थांबून डोळे पुसावे लागले. पण लग्नानंतर ऑर्ना धर्माचं फार काटेकोर पाळायला लागली होती. दुसऱ्या दिवशी तिनं भांड्यांचं कपाट उघडलं आणि विचारलं, "आई, दुधाची भांडी कुठली आणि मटणाची कुठली?"

दूध आणि मांस एका भांड्यात येऊ नये हा मिलकाबाईंच्या धर्माचा नियम. त्यांनी सगळं आयुष्य ती वेगळी ठेवली होती. पण त्या अंथरुणाला खिळलेल्या असताना ओट्याशी कधी किर्ती होती, कधी चंद्री, कधी सोनियाची करिष्मा. कुणी कुठल्या पातेल्यात काय तापवलं, कुणाला ठाऊक.

"मग यातलं एकही चालणार नाही," ऑर्ना म्हणाली. "निदान या सणाला तरी."

"याच पातेल्यांत शिजलं म्हणून मी आज उभी आहे," मिलकाबाईंचा आवाज चढला. "तू नव्हतीस तेव्हा हीच माणसं होती."

बोलून गेल्यावर त्यांना कसंतरी झालं. ऑर्नानं कपाट लावून घेतलं. घराचं दार उघडंच होतं आणि बाहेर हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन किर्ती उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मिलकाबाईंना वाटलं, आता ही दुखावली जाणार.

किर्ती आत आली, जुडी ओट्यावर ठेवली आणि ऑर्नाला म्हणाली, "बरोबर आहे तुझं. माझीपण नऊ दिवसांची भांडी वेगळी असतात. साईनाथनं एकदा माझ्या उपासाच्या कढईत ऑम्लेट केलं होतं, मी दोन दिवस बोलले नव्हते."

ऑर्नाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "मग तू कढईचं काय केलंस?"

"दिली त्यालाच. नवी आणली. आताही नवीच आणू या की. ज्यात कुणाचंच काही शिजलेलं नाही अशी. तुलाही चालेल, मलाही."

असं ठरलं. सोनिया दोघींना कॅम्प तीनच्या भांडी बाजारात घेऊन गेली, दुकानदाराशी सिंधीत घासाघीस केली आणि एक मोठी जाड बुडाची स्टीलची कढई, दोन पातेली नि झारा घेऊन तिघी शेअर रिक्षात कढई मांडीवर ठेवून परतल्या. पण ऑर्नाचं अजून एक होतं. नवं भांडं वापरायच्या आधी नैसर्गिक पाण्यात पूर्ण बुडवावं लागतं. नळाचं पाणी नाही. समुद्र, नाहीतर जिवंत झरा.

"नदी नाही चालत?" किर्तीनं विचारलं.

"पावसाच्या पाण्यानं भरलेली असेल तर वाद आहे. झरा असला तर प्रश्नच नाही."

संध्याकाळी चंद्री मेथी द्यायला आली होती. ती उंबऱ्यात बसून म्हणाली, "झरा हाय ना आमच्या पाड्याखाली. उन्हाळ्यात पन आटत नाय. बायका तिथूनच पानी नेतात."

रविवारी सगळ्या निघाल्या. किर्तीनं साईनाथला सांगून ओळखीची रिक्षा ठरवली. मिलकाबाईंना सगळे नको म्हणत होते, तरी त्या रिक्षात कडेला काठी धरून बसल्या. पडल्यापासून त्या अशा मोकळ्या रानात आल्या नव्हत्या. बदलापूर गाव मागं पडलं, धरणाचा रस्ता लागला, दोन्ही बाजूंना भात लोंब्यांवर आलेलं. मिलकाबाई बघत राहिल्या.

झऱ्यापर्यंत उतार होता, म्हणून त्या वरच एका दगडावर बसल्या. खाली खडकातून पाणी येऊन एक डबकं भरलं होतं, कंबरेइतकं खोल. ऑर्नानं सॅंडल काढले, तर चंद्री म्हणाली, "तुला शेवाळ ठावं नाय, घसरशील," आणि लुगडं वर खोचून तिच्या आधी पाण्यात उतरली. तिनं ऑर्नाचा दंड घट्ट धरला. ऑर्नानं हिब्रूत आशीर्वाद म्हटला आणि कढई दोन्ही हातांनी पाण्याखाली नेली, पूर्ण, कड दिसेनाशी होईपर्यंत.

"भांड्याला आंगोळ," चंद्री म्हणाली. "आमी पन नवा मडका आनला का पैला झऱ्यावर नेतो."

वर आल्यावर ऑर्ना आईजवळ बसली. तिचा परकर गुडघ्यापर्यंत भिजला होता. खाली चंद्री पातेली निथळत होती आणि किर्ती ती पुसून पिशवीत ठेवत होती.

"आई," ऑर्ना हळूच म्हणाली, "तिनं तुलाही असंच धरलं होतं का? आंघोळ घालताना?"

"असंच. रोज."

ऑर्नानं खाली चंद्रीकडे बघितलं. मग उठून खाली गेली आणि तिनं चंद्रीच्या हातातली जड पिशवी घेतली. चंद्री देत नव्हती, तरी घेतली.

सणाच्या दिवशी दुपारपासून स्वयंपाकघर भरलेलं होतं. सकाळी घट बसवून, देवीला नैवेद्य दाखवून किर्ती आली. नियमाप्रमाणे गॅस ज्यू हातानंच, म्हणजे ऑर्नानं पेटवायचा, कढई तिनंच चढवायची, पुढे कुणीही ढवळलं तरी चालेल, असं ऑर्नानं सांगितलं. मिलकाबाई खुर्चीवर बसून तवकील नारळाच्या दुधात कालवत होत्या आणि किर्ती ढवळत होती. हलवा आधी दुधासारखा, मग खळीसारखा झाला, आणि मिलकाबाईंना वाटलं की हाही फसला. त्या म्हणाल्या, "हात थांबवू नकोस." किर्तीनं हात बदलला. थोड्या वेळानं तो एकदम कडा सोडायला लागला, चकचकीत झाला, गुलाबी रंग टाकल्यावर तर ओळखीचाच दिसायला लागला. गव्हाच्या हलव्याइतका तो भारी नव्हता. मिलकाबाईंनी चव घेतली आणि म्हणाल्या, "हलका आहे. पण आपलाच आहे."

सणाच्या जेवणाला पाव लागतोच, म्हणून ऑर्नानं दोन छोटे पाव भाजले होते. ते तिनं दुसऱ्या खोलीत फडक्यात झाकून ठेवले आणि आईला म्हणाली, "आपण दोघी तिथेच आशीर्वाद म्हणून एक एक घास खाऊ. टेबलावर गव्हाचा कण नको पडायला." सगळं एकसारखं ठेवायचं ठरवलेल्या मिलकाबाईंनी एवढं चालवून घेतलं.

सूर्य मावळायच्या आधी दिवे लागले. सोनिया रिकाम्या हातांनी आली आणि दारातच म्हणाली, "दीदी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा डब्याशिवाय निघाले. रस्त्यात सारखं वाटत होतं काहीतरी विसरले." चंद्री केसांत गजरा माळून आली होती. हिंदुराव इस्त्रीचा सदरा घालून वर आले. सकाळीच त्यांचं डायलिसिस झालं होतं, तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना ते प्रत्येक मजल्यावर थांबले होते, पण लिफ्ट बंद आहे याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

काळ्या मनुकांच्या सरबताचा प्याला हातात घेऊन मिलकाबाई उभ्या राहिल्या. ऑर्ना म्हणाली, बसून म्हण. त्यांनी मान हलवली. काठी खुर्चीला टेकवली आणि एका हातानं टेबल धरून त्यांनी सगळे आशीर्वाद म्हटले. शेवटचा म्हणून झाल्यावर त्या थांबल्या. समोरच्यांना हिब्रू कळत नव्हतं.

"याचा अर्थ असा," त्या म्हणाल्या, "की ज्यानं आम्हाला जगवलं, उभं ठेवलं आणि या दिवसापर्यंत आणून पोचवलं, त्या देवाची स्तुती असो. दरवर्षी म्हणते मी हे. लहानपणापासून पाठ आहे." त्यांनी चौघांकडे बघितलं. "यंदा म्हणताना मला तुम्ही चौघं दिसत होतात. देवानं उभं ठेवलं, पण हात तुमचे होते."

किर्तीनं पदर डोळ्यांना लावला. सोनिया खाली बघत होती.

प्याला फिरायला लागला. हिंदुरावांपाशी आला तेव्हा मिलकाबाई घाईनं म्हणाल्या, "तुम्ही नुसता ओठाला लावा. तुमचं पाणी मापून असतं."

हिंदुराव म्हणाले, "दुपारपासून पाणी प्यायलो नाही. या एका घोटासाठी वाचवून ठेवलंय." आणि त्यांनी शांतपणे, चव घेत, पूर्ण घोट घेतला.

मग जेवण झालं. मधात बुडवलेलं सफरचंद, डाळिंबाचे दाणे, खजुराचा तुकडा, आल्यामिरचीचा भोपळा, वाफाळलेली वरई. सगळ्यांच्या ताटात तेच. सोनियानं सवयीनं प्रत्येक वाटीकडे बोट करून विचारायला सुरुवात केली, आणि दुसऱ्याच वाटीला थांबून म्हणाली, "अरे, मी का विचारतेय?" चंद्रीनं वरई दोनदा घेतली आणि सैंधव भरपूर घातलं. हिंदुरावांनी ताटात काहीच ठेवलं नाही. भोपळा परत मागताना ते लहान मुलासारखे लाजले. आहारतज्ज्ञ बाईंना मी जबाबदार, असं म्हणत मिलकाबाईंनी त्यांना अर्धा डाव वाढला.

हलव्याची वडी तोंडात टाकून किर्ती म्हणाली, "मावशी, उपासाला एवढं गोड जेवण मी कधी जेवले नाही. देवी रागावणार नाही ना?" ऑर्ना म्हणाली, "तुझ्या देवीलाही दे थोडा." तेव्हा किर्तीनं खरंच एक वडी बाजूला काढून ठेवली.

निघताना हिंदुराव दारात थांबले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. "मिलकाताई," ते म्हणाले, "बरं जेवलो." एवढंच म्हणून ते जिना उतरायला लागले. साईनाथ कामावरून येत होता, त्यानं त्यांना हाताला धरून खाली नेलं.

दसऱ्याला किर्तीचे उपास सुटले. त्या दिवशी तिनं पहिल्या मजल्यावर जाऊन हिंदुरावांना जेवायला बोलावलं. भोपळा कसा उकळायचा, पाणी कुठलं फेकायचं, हे तिला आता माहीत होतं. सोनियानं कॅम्प तीनमधून फोन करून विचारलं की दिवाळीला माझ्या घरी कोण कोण येणार, आणि कुणाला काय चालत नाही ते आत्ताच सांगा.

ऑर्ना पुढच्या आठवड्यात परत गेली. जायच्या आदल्या दिवशी ती स्टेशनबाहेर चंद्रीकडे गेली होती. काय बोलली ते तिनं आईला सांगितलं नाही. चंद्रीनं मात्र सांगितलं. ऑर्ना तिच्याजवळ फुटपाथवर बसली होती, बराच वेळ, भाजी निवडू लागली होती. उठताना तिनं चंद्रीचे हात धरले आणि म्हणाली, "माझी आई तुझ्याकडे आहे."

"मी म्हनलं, हाय, काळजी नको करू," चंद्रीनं सांगितलं आणि मिलकाबाईंच्या पिशवीत लाल माठाची जुडी टाकली.